रँडॉल्फ कॅल्डेकॉट : बँकेतील कारकून ते बालचित्रपुस्तकांचे शिल्पकार

नवी दिल्ली, २२ मार्च : अमेरिकेत मुलांच्या उत्कृष्ट चित्रपुस्तकासाठी दरवर्षी दिले जाणारे पदक ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते इंग्रज चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत बँकेत कारकून होते. त्यांची आज जयंती.

२२ मार्च १८४६ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे जन्मलेले कॅल्डेकॉट पंधराव्या वर्षी शाळा सोडून व्हिटचर्च येथील बँकेत रुजू झाले. बालपणीच्या आजारपणामुळे त्यांचे हृदय कायमचे कमकुवत झाले होते. व्हिटचर्चच्या परिसरातील शेतवाड्या, बाजार, घोडे, शिकारी कुत्रे आणि ग्रामीण माणसे त्यांच्या वहीत उतरू लागली. मँचेस्टरच्या बँकेत बदलून गेल्यावर ते सायंकाळी तेथील कलाशाळेत शिकत.

१८७० मध्ये आपली रेखाचित्रे घेऊन ते लंडनला गेले आणि चित्रकार थॉमस आर्मस्ट्राँग यांना भेटले. मात्र, त्यांनी नोकरी लगेच सोडली नाही. लंडनमधील नियतकालिकात चित्रे प्रसिद्ध होऊ लागल्यावरच, १८७२ मध्ये, प्रकृती नाजूक असतानाही त्यांनी निश्चित वेतनाचा आधार सोडला.

वॉशिंग्टन आयर्विंग यांच्या 'ओल्ड ख्रिसमस'साठी त्यांनी काढलेल्या चित्रांत व्हिटचर्चच्या वर्षांतील तेच ग्रामीण जग साकारले. हे पुस्तक एका अर्थी त्यांच्या कामाचा नमुनासंच ठरले. ती चित्रे पाहून रंगीत छपाईतील तज्ज्ञ एडमंड इव्हान्स यांनी त्यांच्यापुढे मुलांच्या चित्रपुस्तकांचा प्रस्ताव ठेवला. खोदकाम व छपाईचा खर्च इव्हान्स यांचा. कॅल्डेकॉट यांना विकल्या गेलेल्या प्रतींमागे मोबदला. पुस्तके खपली नसती, तर त्यांच्या हाती काहीच आले नसते. त्यांनी ही जोखीम पत्करली.

'द हाउस दॅट जॅक बिल्ट' आणि 'जॉन गिल्पिन' ही पहिली दोन पुस्तके १८७८ मध्ये निघाली आणि लोकप्रिय ठरली. १८८५ पर्यंत अशी १६ पुस्तके प्रसिद्ध झाली. मोजक्या रेषांत चित्र पुरे करणे आणि शब्दांनी न सांगितलेले चित्रातून सांगणे, ही त्यांची खासियत. एका बडबडगीतात ताटली चमच्यासोबत पळून जाते आणि गीत तेथेच संपते. कॅल्डेकॉट यांच्या पुढच्या चित्रात मात्र ताटली फुटून पडलेली दिसते आणि काटा व सुरी चमच्याला घेऊन जाताना दिसतात.

प्रकृतीला उतार पडावा म्हणून अमेरिकेला गेलेल्या कॅल्डेकॉट यांचे १२ फेब्रुवारी १८८६ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे निधन झाले. तेव्हा ते अवघे ३९ वर्षांचे होते. १९३८ पासून दिल्या जाणाऱ्या त्या पदकावर त्यांचाच जॉन गिल्पिन उधळलेल्या घोड्यावर दौडताना दिसतो.