डोंगरांचा छायाचित्रकार : अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स

आपल्याकडे झाडांची पाने बहुधा हिवाळा सरता सरता गळतात. थंड प्रदेशांत मात्र सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांतच पानगळ सुरू होते. या ऋतूला उर्दूत तुम्ही खिजाँ म्हणता. पाने गळण्यापूर्वी तेथील डोंगर पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांनी उजळून निघतात. काश्मीरमधील चिनार वृक्षांची लाल पाने तुम्ही चित्रांत पाहिली असतील. पानगळीच्या या ऋतूतले एक अतिशय गाजलेले छायाचित्र १९५८ साली अमेरिकेतील डोंगरांत काढले गेले. नवल असे की, त्यात एकही रंग नाही. ते फक्त काळ्या-पांढऱ्या छटांचे आहे. ते काढणाऱ्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांची ही गोष्ट आहे.

अ‍ॅन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या शहरात झाला. त्याच्या आजोबांचा लाकडाचा मोठा व्यापार होता. पुढे तो बुडाला आणि घरची श्रीमंती गेली. १९०६ साली शहरात मोठा भूकंप झाला. त्या वेळी अ‍ॅन्सेल चार वर्षांचा होता. भूकंपानंतर पुन्हा बसलेल्या एका धक्क्याने तो बागेच्या भिंतीवर आदळला. त्याचे नाक मोडले आणि ते जन्मभर वाकडेच राहिले.

हा मुलगा फार चंचल होता. वर्गात एका जागी बसणे त्याला जमत नसे. अखेर त्याच्या वडिलांनी त्याला शाळेतून काढले व घरीच शिकवण्याची व्यवस्था केली. १९१५ साली शहरात एक मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. वडिलांनी त्याला त्या प्रदर्शनाचा वर्षभराचा पास काढून दिला. रोज तेथे जायचे, पाहायचे आणि शिकायचे! याच सुमारास त्याला पियानोची गोडी लागली. शाळेत न रमणारा हा मुलगा पियानोपुढे तासन् तास बसू लागला. मोठेपणी पियानोवादक व्हायचे, असे त्याने ठरवून टाकले.

१९१६ साली अ‍ॅन्सेल आईवडिलांबरोबर योसेमिटी नावाच्या दरीत गेला. सिएरा नेवाडा पर्वतातील ही दरी उंच कड्यांसाठी आणि धबधब्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे त्याला एक साधा पेटीसारखा कॅमेरा भेट मिळाला. हाफ डोम नावाच्या प्रचंड खडकाचे छायाचित्र घेण्यासाठी तो एका जुन्या, कुजक्या झाडाच्या बुंध्यावर चढला. बुंधा मोडला आणि अ‍ॅन्सेल डोक्यावर खाली आला. पडता पडता कॅमेऱ्याची कळ दाबली गेली. त्यामुळे ते छायाचित्र उलटे आले! पण दरीने त्याचे मन जिंकले. त्यानंतर आयुष्यभर दरवर्षी तो योसेमिटीला जात राहिला.

सतराव्या वर्षी तो सिएरा क्लब या संस्थेचा सदस्य झाला. डोंगर आणि वने यांचे रक्षण करणे हे या संस्थेचे काम होते. त्यानंतर चार उन्हाळे त्याने दरीतील संस्थेच्या वास्तूची देखभाल केली. गिर्यारोहकांना वाटा दाखवल्या. हिवाळ्यात पियानो आणि उन्हाळ्यात डोंगर, असा त्याचा क्रम होता.

मित्रांनो, त्या काळी छायाचित्रण फार मेहनतीचे होते. लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या जड पट्ट्या पाठीवर घेऊन डोंगर चढावा लागे. एका पट्टीवर एकच छायाचित्र निघे. १० एप्रिल १९२७ रोजी असेच ओझे घेऊन अ‍ॅडम्स हाफ डोमच्या समोरच्या उंच जागी पोहोचले. खडकावर हवा तसा प्रकाश येईपर्यंत त्यांच्याजवळ दोनच पट्ट्या उरल्या होत्या. पहिले छायाचित्र त्यांनी भिंगावर पिवळी काच लावून घेतले. पण तेवढ्याने आपल्या मनातला भव्य खडक दिसणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. शेवटच्या पट्टीच्या वेळी त्यांनी लाल काच लावली. लाल काच आकाशाचा निळा प्रकाश अडवते. त्यामुळे छायाचित्रात आकाश जवळजवळ काळे झाले आणि त्यापुढे तो खडक गंभीरपणे उभा राहिला. कळ दाबण्याआधी पूर्ण चित्र मनात पाहायचे असते, हा धडा अ‍ॅडम्स त्या दिवशी शिकले.

आता त्यांच्यापुढे अवघड प्रश्न उभा राहिला. पियानो की कॅमेरा? पियानोसाठी त्यांनी कित्येक वर्षे कष्ट केले होते. आईला आणि मावशीला वाटे की, संगीतातून माणसाचे मन बोलते, कॅमेऱ्याच्या यंत्रातून ते कसे बोलणार? १९३० साली पॉल स्ट्रँड या नामवंत छायाचित्रकाराचे काम त्यांनी पाहिले आणि त्यांचा निर्णय झाला. त्यांनी कॅमेरा निवडला. पण संगीताची शिस्त त्यांनी सोडली नाही. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे त्यांनी आणि फ्रेड आर्चर यांनी अकरा भाग पाडले. कोणती वस्तू कोणत्या छटेत यावी, हे आधीच ठरवण्याची ही पद्धत होती. गाणाऱ्याला जसे सूर, तशा त्यांना या छटा होत्या.

संकटेही आली. १९३७ साली योसेमिटीतील त्यांच्या अंधारखोलीला आग लागली. त्या आगीत कितीतरी मूळ काचपट्ट्या आणि फिल्म जळून गेल्या. ही हानी कधीच भरून येणारी नव्हती. तरी ते पुन्हा कॅमेरा घेऊन डोंगराकडे निघाले.

ज्या डोंगरांनी त्यांना सारे काही दिले, त्या डोंगरांवरही त्या काळी संकट होते. सिएरा नेवाडातील किंग्ज कॅनियन या भागात नद्यांवर धरणे बांधण्याचे बेत चालले होते. हा भाग राष्ट्रीय उद्यान व्हावा, अशी सिएरा क्लबची मागणी होती. १९३६ साली अ‍ॅडम्स आपली छायाचित्रे घेऊन राजधानी वॉशिंग्टनला गेले. तेथील लोकप्रतिनिधींना भेटून त्यांनी ती दाखवली. लगेच यश मिळाले नाही. पण ते निराश झाले नाहीत. १९३८ साली त्यांनी या डोंगरांच्या छायाचित्रांचे एक मोठे पुस्तक काढले. त्याच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या. त्यातील एक प्रत मंत्र्यांमार्फत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचली. अखेर १९४० साली किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. या यशात अनेकांचे श्रम होते, पण ज्यांनी तो प्रदेश कधी पाहिलाच नव्हता, त्यांच्या डोळ्यांपुढे तो उभा करण्याचे काम या छायाचित्रांनी केले.

आता पानगळीच्या त्या छायाचित्राकडे वळू. न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तर भागात उंच डोंगर आहेत. तेथे अ‍ॅस्पेन नावाची झाडे दाटीने वाढतात. त्यांचे बुंधे सरळ, सडपातळ आणि फिकट असतात. पानांतील हरितद्रव्य कमी झाले की, त्याखाली आधीपासून दडलेला पिवळा रंग दिसू लागतो. मग सारे रान पिवळे होते. १९५८ सालच्या पानगळीच्या दिवसांत अ‍ॅडम्स तेथे गेले. त्यांनी छायाचित्र घेतले ती झाडे डोंगराच्या सावलीत होती. वारा थांबला होता. मोठा कॅमेरा तिपाईवर ठेवून त्यांनी भिंगावर गडद पिवळी काच लावली. त्यामुळे मागची सावली अधिक काळी झाली, आणि फिकट बुंधे व कोवळ्या झाडांची पाने जणू आतून उजळल्यासारखी दिसू लागली. पाहणाऱ्याला वाटते की, पानांवर ऊन पडले आहे. प्रत्यक्षात तेथे ऊन नव्हतेच! होता तो सावलीतला मंद प्रकाश.

एवढ्या रंगांतून रंगच काढून टाकले, तर उरेल काय, असे तुम्हांला वाटेल. उरते ती झाडांची शांतता. रंग पाहून आपण चटकन खूश होतो आणि पुढे जातो. हे छायाचित्र मात्र आपल्याला थांबवते. प्रत्येक बुंधा आणि प्रत्येक पान निरखून पाहायला लावते.

अ‍ॅडम्स शेवटपर्यंत काम करत राहिले. १९३४ ते १९७१ अशी ३७ वर्षे ते सिएरा क्लबच्या संचालक मंडळावर होते. वनांच्या आणि डोंगरांच्या रक्षणासाठी त्यांनी असंख्य पत्रे लिहिली, सभांत भाषणे केली. ज्या धंद्यावर आजोबा श्रीमंत झाले, त्या जंगलतोडीलाही त्यांनी दोष दिला. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांचा मोठा नागरी सन्मान केला. २२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सिएरा नेवाडातील एका विस्तीर्ण रक्षित प्रदेशाला त्यांचे नाव देण्यात आले. पुढच्या वर्षी तेथील एका शिखरालाही त्यांचे नाव मिळाले.

मित्रांनो, कोणी आपल्याला काही दिले, तर आपण त्याचे आभार मानतो. झाडे, नद्या आणि डोंगर आपल्याला रोज किती देतात! पण त्यांना आपले शब्द ऐकू येत नाहीत. मग त्यांचे आभार कसे मानायचे? अ‍ॅडम्स यांनी ते आपल्या कामातून मानले. त्यांनी डोंगर धीराने पाहिले, मेहनतीने त्यांची छायाचित्रे घेतली आणि संकटाच्या वेळी ते डोंगरांच्या बाजूने उभे राहिले. तुमच्याजवळ कॅमेरा असो वा नसो, शाळेच्या वाटेवर एखादे झाड तर नक्कीच असेल. वर्षभर त्याच्याकडे लक्ष द्या. त्याला पालवी केव्हा फुटते, त्याची पाने केव्हा गळतात, ते वहीत टिपून ठेवा. आणि त्याच्यावर कुऱ्हाड चालवायला कोणी आले, तर त्याच्या बाजूने दोन शब्द बोला.