हेन्‍री मॉडस्ले : यंत्रांना अचूकपणा देणारा कारागीर

यंत्राचा एखादा नट हरवला, तर बाजारात जाऊन त्याच मापाचा दुसरा आणावा आणि बसवावा, यात आज कोणालाही नवल वाटत नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मात्र ही गोष्ट अशक्यप्राय होती. प्रत्येक नट हा त्याच्या जोडीच्या बोल्टापुरताच घडविलेला असे. यंत्र खोलताना कारागीर दोहोंवर खुणा करून ठेवीत. खुणा चुकल्या की पुन्हा जोडणी करताना तासन्‌तास वाया जात. ही स्थिती पालटली ती अनेकांच्या परिश्रमांनी. परंतु त्यांत ज्याचे नाव प्रथम घ्यावे लागते, तो हेन्‍री मॉडस्ले हा ना विद्यापीठात शिकलेला होता, ना कोणा धनिकाचा पुत्र. गाड्यांची चाके घडविणाऱ्या एका सुताराचा तो मुलगा होता.

मॉडस्लेचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ रोजी लंडनजवळच्या वुलिच येथे झाला. वडील विल्यम हे व्यवसायाने चाके बनविणारे सुतार. पुढे ते सैन्यात गेले, जखमी झाले आणि वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात कोठारावर काम करू लागले. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे हेन्‍रीला वयाच्या बाराव्या वर्षीच शस्त्रागारात काडतुसे भरण्याचे काम पत्करावे लागले. दोन वर्षांनी त्याची रवानगी तेथील सुतारशाळेत झाली. करवत, पटाशी आणि रंधा यांच्याशी त्याचा परिचय तेथे झाला. पण त्याचे मन रमले ते शेजारच्या लोहारशाळेत. हातचे काम टाकून तो वरचेवर भट्टीपाशी जाऊन उभा राहू लागला, तेव्हा वरिष्ठांनी त्याला तिकडेच नेमले. थोड्याच वर्षांत त्याच्या हाताची कीर्ती वुलिचच्या बाहेर पोहोचली.

त्या काळी लंडनमध्ये जोसेफ ब्रामा याचे नाव गाजत होते. ब्रामा हाही मूळचा सुतार. पायाच्या दुखापतीमुळे शेती सोडून तो सुतारकाम शिकला होता. त्याने १७८४ मध्ये एका नव्या कुलपाचे एकस्व मिळविले होते. कुलूप अप्रतिम होते. अडचण एवढीच की, त्याचे भाग हातांनी घडविण्याइतके सूक्ष्म कौशल्य फार थोड्यांपाशी होते आणि त्यामुळे त्याची किंमत आवाक्याबाहेर जात होती. अशा वेळी अठरा वर्षांचा मॉडस्ले त्याच्याकडे आला. रीतसर सात वर्षांची उमेदवारी न केलेल्या या पोराला कामावर घ्यावे कसे, असा प्रश्न कारखान्यातील जुन्या कारागिरांपुढे पडला. तेव्हा कोपऱ्यात पडलेला एक झिजलेला जुना शेगडा दाखवून, तो संध्याकाळपर्यंत नव्यासारखा करून दिला तर कामावर घ्याल काय, असे मॉडस्लेनेच विचारल्याची हकीकत सांगितली जाते. सुटीची घंटा होण्यापूर्वी शेगड्याला पोलादाचे नवे जबडे बसले, कानस फिरून ते गुळगुळीत झाले आणि मॉडस्लेची नेमणूकही झाली.

ब्रामाकडील आठ वर्षे मॉडस्लेच्या आयुष्यातील खरी पाठशाळा ठरली. कुलपाचे भाग हाताने घडविण्याऐवजी ते घडविणारी छोटी यंत्रेच त्याने तयार केली. एकदा यंत्र नीट बसविले की तोच भाग पुन:पुन्हा तंतोतंत तसाच निघू लागला. ब्रामाने १७९५ मध्ये एकस्व घेतलेल्या जलदाबयंत्रात दट्ट्याच्या बाजूने पाणी गळत असे. ते थांबविणारी चामड्याची कडी मॉडस्लेने सुचविली असे मानले जाते. तो कारखान्याचा मुख्य कारागीर झाला. त्याचा विवाह झाला, मुले झाली, संसार वाढला. पगार मात्र आठवड्याला तीस शिलिंगांवरच थांबला. १७९७ मध्ये त्याने वाढ मागितली, ब्रामाने ती नाकारली आणि मॉडस्ले बाहेर पडला.

ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळच्या वेल्स स्ट्रीटवर त्याने स्वत:ची लहानशी कर्मशाळा थाटली. पहिले काम मिळाले ते एका चित्रकाराच्या लोखंडी चित्रफलकाच्या चौकटीचे. याच काळात ज्या यंत्राशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो स्क्रू कापण्याचा लेथ त्याने सिद्ध केला. तोवर सर्वसाधारण कर्मशाळेतील लेथ लाकडी सांगाड्याचा असे. फिरणाऱ्या वस्तूवर हत्यार टेकवून धरावयाचे ते कारागिराने स्वत:च्या हाताने. लाकूड कातताना हे निभावते. पण धातू कातताना हात थरथरतो, थकतो आणि कातलेल्या दांड्याची जाडी टोकाटोकाला बदलते. मॉडस्लेने हत्यार हातातून काढून घेतले आणि लोखंडी मार्गावर सरकणाऱ्या धारकात घट्ट बसविले. ही कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्येही तिचे प्रयोग आधी झाले होते. मॉडस्लेचे श्रेय असे की, संपूर्ण धातूचा भक्कम सांगाडा, सरकता धारक, त्याला पुढे नेणारा लांब अचूक स्क्रू आणि बदलता येणारी दंतचक्रे या सर्वांचा मेळ त्याने एका यंत्रात घातला. चक्रे बदलली की आट्यांमधील अंतर बदलते. न बदलली तर शंभरावा स्क्रूही पहिल्यासारखाच निघतो. आपल्या कर्मशाळेपुरती स्क्रूंची मापे त्याने ठरवून टाकली. सुमारे १८०० सालचा त्याचा असा एक लेथ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन केलेला आहे.

याच सुमारास मॉडस्लेचा लाकडाशी पुन्हा संबंध आला, आणि तोही फार मोठ्या प्रमाणावर. शिडाच्या जहाजाचे सारे दोर लाकडी कप्प्यांवरून फिरत. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागत आणि ब्रिटिश आरमाराची गरज वर्षाकाठी लाखाच्या घरात होती. कप्पीचे घर एल्मच्या लाकडाचे आणि आतले चाक लिग्नम व्हिटी या अतिकठीण लाकडाचे असे. गिरमिटाने भोक पाडावयाचे, पटाशीने ते लांबट करून चाकासाठी आरपार खाच काढावयाची, मग बाहेरची बाजू तासून तिला गोलाई द्यावयाची, असे हे काम. साउथॅम्प्टनच्या टेलर घराण्याने त्यात काही यंत्रे आणली होती. तरीही बरेचसे काम कारागिराच्या हातावरच अवलंबून होते.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत मायदेश सोडून अमेरिकेमार्गे इंग्लंडला आलेला मार्क ब्रुनेल हा अभियंता कप्पी बनविणाऱ्या यंत्रांची योजना उराशी बाळगून होता. त्याच्या आराखड्यांना प्रत्यक्ष रूप देईल असा हात त्याला हवा होता. मॉडस्लेकडे तो प्रथम आला तेव्हा यंत्रे कशासाठी आहेत हे त्याने सांगितले नाही. परंतु दोन-तीन आराखडे पाहूनच मॉडस्लेने ते ओळखले. आरमाराच्या बांधकामांचे प्रमुख निरीक्षक सॅम्युएल बेंथम यांनी लाकूडकामाच्या यंत्रांचा स्वत: दीर्घ अभ्यास केलेला होता. त्यांनी ब्रुनेलची योजना उचलून धरली आणि १८०२ पासून पुढील सुमारे सहा वर्षांत पोर्ट्‌स्मथच्या गोदीत लहान, मध्यम व मोठ्या कप्प्यांसाठी मिळून पंचेचाळीस यंत्रे उभी राहिली.

त्या यंत्रांची रचना पाहिली म्हणजे सुताराचीच हत्यारे तेथे लोखंडी अवतार घेऊन आली होती, असे म्हणावेसे वाटते. पहिल्या यंत्रातील गिरमिट ठोकळ्याला भोके पाडी. दुसऱ्यात पटाशी उभी बसविलेली असे. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा ती वरखाली होई आणि प्रत्येक घावानंतर ठोकळा आपोआप किंचित पुढे सरके. करवत कोपरे कापी. त्यानंतर दहा ठोकळे एका मोठ्या फिरत्या चाकाच्या परिघावर बसवीत आणि ठरावीक वक्ररेषेत सरकणारे हत्यार दहाही ठोकळ्यांना एकाच वेळी सारखी गोलाई देई. चाकांसाठी निराळी यंत्रे होती. ही सारी वाफेच्या एंजिनावर, छताजवळून फिरणाऱ्या दांड्यांच्या व पट्ट्यांच्या साहाय्याने चालत. एकाच वस्तूच्या मोठ्या उत्पादनासाठी क्रमाने मांडलेली संपूर्ण धातूची यंत्रे, असा प्रयोग एवढ्या प्रमाणावर पूर्वी झालेला नव्हता. १८०८ मध्ये येथे सुमारे एक लाख तीस हजार कप्प्या तयार झाल्या.

या यशाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. पूर्वी एकशेदहा कुशल कारागीर जे काम करीत, ते आता दहा अकुशल माणसे करू लागली, असा हिशेब त्या वेळी मांडला गेला. वर्षानुवर्षे पटाशी धरून कमावलेले कसब शंभर माणसांपाशी होते. त्या कसबाला पोर्ट्‌स्मथमध्ये मोल उरले नाही. टेलर घराण्याचे आरमाराकडील कंत्राटही संपुष्टात आले. स्वत: हाताच्या बळावर पुढे आलेल्या कारागिराकडून हे घडावे, हा दैवदुर्विलास खरा.

परंतु हाताचे कौशल्य नाहीसे झाले, असे मात्र म्हणता येत नाही; त्याची जागा बदलली. यंत्राने अचूक काम द्यावे, तर त्याचा मार्ग सरळ आणि पृष्ठ सपाट हवे; आणि ते सपाट करावयाचे कोणी? त्या काळी ते काम कानशीनेच होत असे. मॉडस्लेने यासाठी तीन पाट्यांची पद्धत काटेकोरपणे अवलंबिली. दोनच पाट्या एकमेकींवर घासून जुळविल्या, तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट राहूनही त्या जुळू शकतात. तीन पाट्या आळीपाळीने प्रत्येकीशी प्रत्येक जुळविली, तर तिन्ही सपाट असल्याखेरीज त्या जुळतच नाहीत. एकीला रंग लावावा, दुसरीवर घासावी, जेथे रंग उमटेल तेवढाच उंचवटा काढावा, असे हे चिकाटीचे काम. अशा प्रमाण-पाट्या त्याने कारागिरांच्या टेबलांवर ठेवविल्या, म्हणजे ज्याला त्याला आपले काम जागेवरच ताडून पाहता यावे. मापांविषयी वाद उद्भवल्यास अखेरचा निवाडा करण्यासाठी त्याने एक सूक्ष्ममापक बनविला होता. इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंतचा फरक दाखविणाऱ्या त्या उपकरणाला तो देशाच्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याची पदवी देऊन लॉर्ड चॅन्सलर म्हणत असे.

१८१० मध्ये कारखाना लॅम्बेथ येथे घोडेस्वारी शिकविण्याच्या एका जुन्या वास्तूत गेला. तेथे मुख्यत: जहाजांची वाफेची एंजिने तयार होऊ लागली. १८२५ मध्ये इंग्लंडहून निघून ११३ दिवसांनी कलकत्त्यास पोहोचलेल्या एंटरप्राइझ या आगबोटीचे एंजिन याच कारखान्याचे होते. हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागलेली इंग्लंडहून आलेली ती पहिली आगबोट. थेम्स नदीखालून बोगदा खणण्यासाठी ब्रुनेलने योजिलेली संरक्षक लोखंडी ढालही येथेच घडली.

तथापि मॉडस्लेची सर्वांत मोठी निर्मिती म्हणजे त्याची शिष्यपरंपरा होय. बॅबेजच्या गणकयंत्राचे भाग घडविणारा जोसेफ क्लेमेंट, स्वयंचलित सूतकताई यंत्राचा कर्ता रिचर्ड रॉबर्ट्‌स, वाफेच्या हातोड्याचा जनक जेम्स नेस्मिथ आणि जोसेफ व्हिटवर्थ हे सारे त्याच्या हाताखालून गेले. व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूंच्या आट्यांचे प्रमाण सुचविले. मॉडस्लेने एका कारखान्यापुरते जे केले, ते त्याने देशापुरते केले; पुढे भारतातील कारखान्यांतूनही व्हिटवर्थ आटे दीर्घकाळ वापरात राहिले. सहा फुटांहून उंच, भारदस्त असा हा मालक वृद्धापकाळाकडे झुकल्यावरही अठरा इंची कानस हाती घेई, तेव्हा पाहणाऱ्यांना तो एक सोहळाच वाटे, असे नेस्मिथने नोंदविले आहे. काय साधावयाचे आहे याची स्पष्ट कल्पना आधी करावी, आणि जे साधेपणाने होते त्यात गुंतागुंत आणू नये, हे त्याचे शिष्यांना सांगणे असे.

फ्रान्समधील एका मित्राला भेटून परतताना त्याला थंडी बाधली आणि १४ फेब्रुवारी १८३१ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्याचे निधन झाले. वुलिचच्या चर्चच्या आवारातील त्याचे थडगे त्याने स्वत:च योजिलेले, ओतीव लोखंडाचे होते. त्याचा कारखाना त्या शतकाच्या अखेरीस बंद पडला. शिडाची जहाजे गेली, कप्प्यांची मागणी घटली. पण पोर्ट्‌स्मथची काही यंत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत काम देत राहिली. त्यांतील काही आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात व पोर्ट्‌स्मथला जपून ठेवलेली आहेत.

जुना, झिजलेला लेथ पुन्हा चालू करावयास घेतलेला जाणकार मिस्त्री आजही प्रथम त्याच्या मार्गाची सरळता तपासतो. सपाट पाटीला निळा रंग लावतो, ती मार्गावर फिरवतो आणि जेथे डाग उमटेल तेथे खरवडणी चालवितो. हे काम घाईने होत नाही आणि नजर व हात यांच्यावाचून होत नाही. मॉडस्लेच्या कर्मशाळेत ते याच रीतीने होत असे.