सुपरचार्जर किती वेगाने फिरवायचा? स्टॅनली हूकर यांनी सोडवलेले कोडे

मोटारीच्या सुपरचार्जरची पुली लहान केली, की तो जास्त वेगाने फिरतो आणि इंजिनात अधिक हवा कोंबतो. ताकद वाढते, पण हवा तापते, इंजिनाची शक्ती सुपरचार्जर फिरवण्यातच खर्च होते आणि ‘नॉकिंग’चा धोकाही वाढतो. विमानाच्या इंजिनात पुलीऐवजी गिअर असत, पण पेच तोच होता. तो सोडवण्यात ब्रिटिश अभियंता स्टॅनली हूकर यांचा मोठा वाटा होता.

गणिताचा अभ्यासक, इंजिनात नवखा

१९०७ मध्ये इंग्लंडमधील शीरनेस येथे जन्मलेले हूकर गणिताचे अभ्यासक. १९३८ मध्ये ते रोल्स-रॉईसमध्ये रुजू झाले. मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरमधील उणिवा त्यांनी आकडेमोडीतून हेरल्या.

अडचण काय होती?

एकाच वेगाचा सुपरचार्जर ठरावीक उंचीवरच चांगला चाले. वरच्या विरळ हवेसाठी वेग वाढवला, तर जमिनीलगत दाब अति होई; मग थ्रॉटल आवळावा लागे. मर्लिन २० मध्ये सुधारित सुपरचार्जरला दोन वेगांचे गिअर मिळाले. मर्लिन ६१ मध्ये हवा दोन टप्प्यांत दाबून थंड केली जाऊ लागली. जर्मनीच्या फॉके-वुल्फ १९० पुढे मागे पडलेले स्पिटफायर १९४२ मध्ये याच इंजिनामुळे पुन्हा बरोबरीत आले.

गोव्यापर्यंतचा धागा

पुढे ब्रिस्टल कंपनीत त्यांच्या नेतृत्वाखाली पेगासस जेट इंजिन घडले. गोव्यात तळ असलेल्या भारतीय नौदलाच्या सी हॅरियर विमानांत तेच होते. १९७१ मध्ये रोल्स-रॉईस दिवाळखोरीत गेल्यावर निवृत्त हूकर परतले आणि आरबी २११ इंजिन मार्गी लावले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.