परमुलखातील लोकप्रतिनिधी : मधु लिमये

परमुलूख म्हणजे काय, हे झाशीच्या मराठी माणसास कोणी समजावून सांगावयास नको. इ. स. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारो शंकर येथे आले, त्यांनी किल्ल्याचा विस्तार केला, शहर वसविले आणि दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांनी बुंदेलखंडाच्या या खडकाळ भूमीत आपली बिऱ्हाडे थाटली. पुढे नेवाळकरांचे राज्य झाले, ते गेले. महाराणी लक्ष्मीबाईंनी त्याच्यासाठी प्राण वेचले. राज्य गेले, तरी माणसे राहिली. देवघरात मराठी आणि दारात बुंदेली असा आपला संसार तेव्हापासून अखंड चालू आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणाचे चरित्र द्यावे असा विचार आम्ही करू लागलो, तेव्हा महाराणींचे नाव प्रथम येणे स्वाभाविकच होते. परंतु त्यांचे पुण्यस्मरण आपण दरवर्षी करतोच. म्हणून या वेळी आम्ही अशा एका मराठी पुरुषाचे चरित्र निवडले आहे, ज्याने परमुलखात तलवारीच्या बळावर नव्हे, तर केवळ मतपेटीच्या आधारे आपले स्थान मिळविले, गमावले, पुन्हा मिळविले आणि प्रसंगी आपण होऊन सोडूनही दिले. ते पुरुष म्हणजे कै. मधु लिमये होत.

परप्रांतातील मराठी माणूस लोकप्रतिनिधी होणे ही काही अगदीच अपूर्व गोष्ट नव्हे. आपल्याच झाशीने १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत रघुनाथ विनायक धुळेकर यांना लोकसभेवर पाठविले होते. परंतु धुळेकर झाशीचेच होते. येथील कचेरीत त्यांनी वकिली केली, येथूनच स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली. त्यांचे आडनाव मराठी असले तरी त्यांची ओळख झाशीची होती. लिमये यांची गोष्ट निराळी. ज्या जिल्ह्यात आपल्या भाषेचे, आपल्या जातीचे, आपल्या गोताचे कोणीही नाही, तेथे जाऊन मते मागणे आणि एकदा निवडून आल्यावर तीच जागा पुन्हा राखणे, हे किती कठीण असते याचा हिशेब त्यांच्या चरित्रात पानोपानी मिळतो.

मधुकर रामचंद्र लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. १९३७ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि लवकरच एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्या सहवासात समाजवादी चळवळीकडे ओढले गेले. युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० मध्ये त्यांना अटक झाली व धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सुमारे वर्ष काढले. बेचाळीसच्या आंदोलनात ते भूमिगत झाले, १९४३ मध्ये पकडले गेले आणि १९४५ च्या मध्यापर्यंत स्थानबद्ध होते. १९५२ च्या मे महिन्यात त्यांचा चंपा गुप्ते यांच्याशी विवाह झाला. चंपाताई स्वतः चळवळीतल्याच असल्याने पतीच्या जीवनक्रमात स्थैर्याची अपेक्षा त्यांनी केली नसावी; आणि ते लाभलेही नाही. १९५५ च्या जुलैमध्ये लिमये सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना अमानुष मारहाण केली आणि लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. त्यांनी बचाव केला नाही व अपीलही केले नाही. दीड वर्षाहून अधिक काळ बंदिवासात काढल्यावर १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली.

एवढी पूर्वपीठिका असलेल्या माणसाने महाराष्ट्रातच एखादा मतदारसंघ निवडला असता, तर कोणास नवल वाटले नसते. परंतु लिमये डॉ. राममनोहर लोहिया यांचे निष्ठावंत सहकारी होते आणि लोहियांच्या पक्षाची खरी मुळे उत्तरेत, विशेषतः बिहार व उत्तर प्रदेशात होती. १९६३ च्या पोटनिवडणुकीत लोहिया फर्रुखाबादहून लोकसभेत गेले. त्यापाठोपाठ १९६४ मध्ये बिहारमधील मुंगेरची पोटनिवडणूक आली आणि पुण्याचा हा माणूस गंगेच्या काठी उमेदवार म्हणून उभा राहिला.

मुंगेर हे काही ओसाड गाव नव्हे. गंगेच्या वळणावरचा तेथील किल्ला ही एके काळी नवाब मीर कासिमची राजधानी होती. बंदुका घडविणाऱ्या कारागिरांसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होते. जवळच जमालपूरला १८६२ मध्ये सुरू झालेला रेल्वेचा प्रचंड कारखाना होता. राजकारणाच्या दृष्टीने तर हा काँग्रेसचा गड. बिहारचे पहिले मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांची ही कर्मभूमी. त्यांच्या निधनास तीनच वर्षे झाली होती. अशा ठिकाणी जातीची मते नसलेला, उच्चारावरूनच परका ओळखू येणारा उमेदवार निवडून येणे हा चमत्कारच म्हणावयास हवा. तो घडला, कारण स्थानिक समाजवादी कार्यकर्त्यांनी खेडोपाडी पायपीट केली आणि कारण गोव्यातील बंदिवासाची कीर्ती उमेदवाराच्या आधीच तेथे पोहोचली होती.

परंतु पोटनिवडणूक जिंकणे वेगळे आणि तीच जागा सार्वत्रिक निवडणुकीत टिकविणे वेगळे. पहिल्या खेपेस मतदार पाहुण्याचे स्वागत करतो. दुसऱ्या खेपेस तो हिशेब मागतो. पाहुणा मधल्या काळात दिल्लीतच रमला असेल, तर त्याला परतीची वाट दाखविण्यास मतदार कचरत नाही. लिमये यांनी या तीन वर्षांत लोकसभेत मोठा लौकिक मिळविला होता. नियमांच्या पुस्तकावर त्यांचे असे प्रभुत्व होते की, त्यांनी हक्कभंगाचा वा कार्यपद्धतीचा मुद्दा काढला म्हणजे मंत्र्यांना आपली कागदपत्रे पुन्हा तपासावी लागत. तेथे ते कटाक्षाने हिंदीत बोलत. तथापि संसदेतील यश मुंगेरच्या शेतकऱ्यास भाकरी देत नाही. १९६६ साली बिहारवर दुष्काळाचे भीषण संकट कोसळले होते. १९६७ ची निवडणूक त्या छायेत झाली. प्रचाराच्या धामधुमीत लिमये यांच्यावर हल्ला झाला आणि जखमी होऊन त्यांना रुग्णालयात पडून राहावे लागले. उमेदवार अंथरुणावर आणि प्रचार कार्यकर्त्यांच्या खांद्यावर, अशी स्थिती झाली. तरीही मुंगेरने त्यांना पुन्हा निवडून दिले. त्याच निवडणुकीत बिहारमध्ये काँग्रेसचे बहुमत गेले आणि लोकसभेतही ५२० जागांपैकी तिला २८३ वरच समाधान मानावे लागले.

विजयाने विरोध मावळला, असे मात्र झाले नाही. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी त्याच जिल्ह्यातील लखीसराय रेल्वे स्थानकावर लिमये यांना सहकाऱ्यांसह अटक करण्यात आली. आपल्याच मतदारसंघाच्या परिसरात खासदाराला जमावबंदीच्या कलमाखाली तुरुंगात जावे लागावे, यातच तेथील हवा किती प्रतिकूल होती हे दिसते. सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांनी मांडलेला मुद्दा साधा, पण मूलगामी होता : अटकेची कारणे अटक झालेल्यास सांगितली गेलीच नव्हती. घटनेच्या बाविसाव्या कलमाचा हा भंग आहे असे ठरवून न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांची मुक्तता केली. पुढे जमावबंदीच्या कलमाच्या वैधतेलाच त्यांनी आव्हान दिले. १९७० मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ते कलम वैध ठरविले. म्हणजे तो दावा ते हरले. परंतु अशा अधिकारांचा वापर कोणत्या मर्यादेत व्हावा, याचे विवेचन त्या निकालात झाले आणि कायद्याच्या अभ्यासकांना मुंगेरचे नाव त्या निकालामुळेच परिचित झाले.

दरम्यान १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये लोहियांचे निधन झाले होते. पक्ष दुभंगत चालला होता. १९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत इंदिरा गांधींच्या गरिबी हटविण्याच्या घोषणेने देश भारून गेला आणि काँग्रेसने ३५२ जागा जिंकल्या. त्या लाटेत मुंगेरची जागा लिमये यांच्या हातून गेली, काँग्रेसचे डी. पी. यादव निवडून आले. आम्हांस या पराभवात नियतीचा एक विलक्षण उपरोध दिसतो. मागासलेल्या जातींना साठ टक्के वाटा मिळावा, असा आग्रह लोहिया व त्यांचे अनुयायी वर्षानुवर्षे धरीत आले होते. जागृत झालेल्या त्या समाजाने आपल्यातलाच, आपल्या मातीतला प्रतिनिधी पसंत करावा, यात तत्त्वतः लिमये यांना तक्रार करण्यास जागा नव्हती. ज्या विचारासाठी ते झटले, त्याच विचाराच्या प्रवाहात त्यांची स्वतःची जागा वाहून गेली.

दुसरा कोणी असता तर पुण्यास परतला असता. लिमये बिहारमध्येच राहिले आणि १९७३ मध्ये शेजारच्या बांका मतदारसंघातील पोटनिवडणूक जिंकून पुन्हा लोकसभेत आले.

आता आम्ही त्यांच्या आयुष्यातील अशा प्रसंगाकडे येतो, ज्याच्यामुळे हा सारा लढा अर्थपूर्ण ठरतो. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी पुकारण्यात आली आणि जुलैमध्ये लिमये स्थानबद्ध झाले. पुढील दीड वर्षाहून अधिक काळ त्यांनी मध्य प्रदेशातील निरनिराळ्या तुरुंगांत काढला. १९७१ मध्ये निवडलेल्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत १९७६ च्या मार्चमध्ये संपत होती. सरकारने कायदा करून ती एका वर्षाने वाढविली. ज्या जागेसाठी लिमये यांनी एवढ्या हालअपेष्टा सोसल्या होत्या, ती आता एक मतही न मागता, एक सभाही न घेता त्यांच्याकडे राहणार होती. तुरुंगात असलेल्या माणसास खासदारकी म्हणजे थोडा तरी आधार. परंतु मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेला अधिकार सहाव्या वर्षी आपला उरत नाही, असे मानून त्यांनी तुरुंगातूनच लोकसभेचा राजीनामा पाठविला. जबलपूरहून निवडून आलेले तरुण खासदार शरद यादव यांनीही तोच मार्ग धरला. आपल्या बुंदेलखंडापासून फार दूर नसलेल्या तुरुंगांतून हे राजीनामे गेले, याची येथे कितीजणांस आठवण असेल?

१९७७ च्या फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली. मार्चमध्ये निवडणूक झाली आणि बांकाच्या मतदारांनी, सोडून दिलेली जागा त्यांना सन्मानाने परत दिली. जनता पक्षाच्या सरकारात मंत्रिपद सहज मिळत असता त्यांनी ते नाकारले आणि पक्षाचे सरचिटणीसपद पत्करले. पुढे दुहेरी निष्ठेच्या प्रश्नावर त्यांनी घेतलेल्या आग्रही भूमिकेमुळे जनता पक्ष फुटला, असा दोष त्यांना अनेकांनी दिला. तो सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. तत्त्वाचा आग्रह आणि व्यवहाराची गरज यांत त्यांचा कौल नेहमी पहिल्या बाजूस पडे आणि त्याची किंमत त्यांच्याबरोबर इतरांनाही मोजावी लागे. १९८० च्या निवडणुकीत बांकाची जागा काँग्रेसचे चंद्रशेखर सिंह यांनी जिंकली. १९८२ मध्ये लिमये सक्रिय राजकारणातून निवृत्त झाले.

उरलेले आयुष्य त्यांनी दिल्लीतील साध्या घरात लेखन व वाचन यांत घालविले. मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषांत त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. शास्त्रीय संगीत आणि महाभारत हे त्यांचे विसावे होते. माजी खासदाराचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही आणि स्वातंत्र्यसैनिकाचे मानधनही घेतले नाही. ८ जानेवारी १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

परमुलखात आपण कोणत्या नात्याने राहतो, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकास कधी ना कधी पडतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव लिहिताना पडतो, मुलांच्या लग्नांच्या वेळी पडतो, आणि पन्नास वर्षांच्या अशा एखाद्या उत्सवात हटकून पडतो. लिमये यांच्या चरित्रातून आम्हांस त्याचे एक उत्तर गवसते. ज्या भूमीने आपल्याला थारा दिला तिच्यावर आपला हक्क वारसाने येत नाही. तो सेवेने मिळवावा लागतो आणि पुनःपुन्हा मिळवावा लागतो. तिने नाकारले तर राग न धरता तिच्यातच राहावे. तिने दिलेली मुदत संपली, तर जागेस चिकटून बसू नये. पुण्यात जन्मलेल्या या मराठी माणसाने मुंगेर व बांकाच्या माणसांशी हे नाते सचोटीने पाळले. झाशीच्या आम्हां मराठी जनांचे त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.