फादर थॉमस स्टीफन्स : राज्यभाषा, देशभाषा आणि परदेशस्थ

परक्या भूमीत येऊन स्थायिक होणाऱ्या माणसाने तेथील भाषा शिकलीच पाहिजे काय, हा प्रश्न आधुनिक राष्ट्रांच्या नागरिकत्वविषयक चर्चेत वारंवार उपस्थित होतो. ब्रिटनचे नागरिकत्व मागणाऱ्या परदेशस्थाला आज सर्वसाधारणपणे इंग्रजीच्या ज्ञानाचा पुरावा द्यावा लागतो. त्याच इंग्लंडमधून चार शतकांपूर्वी एक तरुण पश्चिम भारताच्या किनाऱ्यावर आला, आयुष्याची चाळीस वर्षे तेथेच राहिला आणि मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचून तेथेच मरण पावला. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या चरित्राकडे मराठी वाङ्मयेतिहासाने बहुधा ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणूनच पाहिले आहे. तथापि, परदेशस्थाकडून भाषेची अपेक्षा कोणी करावी आणि कोणत्या अधिकाराने करावी, या दृष्टीनेही हे चरित्र तपासून पाहण्याजोगे आहे.

स्टीफन्स यांचा जन्म इ.स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्या काळात इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथीयांना उघडपणे धर्माचरण करणे दुष्कर झाले होते. स्टीफन्स यांचे स्नेही थॉमस पाउंड यांना याच कारणास्तव तुरुंगवास पत्करावा लागला. स्टीफन्स रोमला गेले आणि इ.स. १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. स्वदेशात आपल्या धर्ममताला स्थान नाही म्हणून देश सोडणारा हा तरुण होता. पुढे ज्या भूमीत तो आला, तेथे मात्र त्याच्याच धर्माची सत्ता होती आणि मूळच्या रहिवाशांच्या धर्माला जागा उरली नव्हती. स्टीफन्स यांच्या आयुष्यातील हा विरोधाभास त्यांच्या भाषाकार्याचा विचार करताना दृष्टिआड करता येत नाही.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुइट यांच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात प्रसिद्ध झाले. भारतात दीर्घकाळ वास्तव्य केलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. गोव्यात त्यांना एकाच वेळी दोन परक्या भाषांना सामोरे जावे लागले. पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची आणि संघाच्या दैनंदिन व्यवहाराची भाषा होती. तिच्यावाचून त्यांचे पाऊलही पुढे पडले नसते. कोकणी आणि मराठी या प्रजेच्या भाषा होत्या. त्या न शिकल्याबद्दल परक्या धर्मगुरूला जाब विचारण्याची शक्ती त्या प्रजेपाशी नव्हती. पहिली भाषा परिस्थितीने लादलेली होती. दुसरीची अपेक्षा संघाच्या धोरणात होती. परंतु त्या अपेक्षेचे पालन वरवर करावे की मनःपूर्वक, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते.

इ.स. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सहकारी हे इंग्रज व्यापारी हर्मूझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात पडले. त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी साहाय्य केले. धर्ममताचा भेद असूनही स्वदेशीयांविषयीची त्यांची आस्था टिकून होती, हे यावरून दिसते. त्याच वर्षी त्यांनी पॅरिसमधील आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण नोंदविले. सर विल्यम जोन्स यांचे या विषयावरील सुप्रसिद्ध प्रतिपादन इ.स. १७८६ मधील आहे. स्टीफन्स यांच्या निरीक्षणातून कोणताही सिद्धान्त निष्पन्न झाला नाही. परंतु ज्या भाषांना राज्यकर्ते असंस्कृत समजत होते त्यांना युरोपातील अभिजात भाषांच्या पंक्तीस बसविण्याची दृष्टी त्यांना अवघ्या चार वर्षांत लाभली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

स्टीफन्स यांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने साष्टी प्रांत हे होते. तेथील वातावरण शांत नव्हते. इ.स. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली होती, इ.स. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली, इ.स. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली आणि तिचा सूड म्हणून तेथील गावकर मारले गेले. धर्मांतरितांचे जुने ग्रंथ निषिद्ध ठरले होते. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीची संवादयोजना या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. पूर्वीची पुराणे आमच्याकडून काढून घेतली, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही, अशा आशयाची पृच्छा तेथे एक ब्राह्मण श्रोता करतो आणि त्या मागणीतून ग्रंथाचा प्रपंच सुरू होतो. या योजनेत एक कबुली दडलेली आहे. लोकांची कथा हिरावून घेतल्यावर निर्माण होणारी पोकळी केवळ प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाने भरत नाही, आणि ती परभाषेत तर मुळीच भरत नाही, हे स्टीफन्स यांनी ओळखले होते.

‘क्रिस्तपुराण’ इ.स. १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथाचे ‘पैलें पुराण’ व ‘दुसरें पुराण’ असे दोन भाग असून पहिल्यात जुन्या करारातील आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्रातील कथाभाग आला आहे. ओवी छंद, मंगलाचरण, अवस्वरांची विभागणी आणि श्रोत्यांशी चालणारा संवाद ही सारी सामग्री त्यांनी मराठी ग्रंथपरंपरेतून घेतली. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द निःसंकोचपणे योजिला. शुद्ध मराठी सामान्य श्रोत्यांना दुर्बोध होईल म्हणून स्थानिक ब्राह्मणी बोलीतील सुगम शब्द तिच्यात मिसळल्याचे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. मराठी आणि कोकणी यांच्या नात्याविषयी पुढे झालेल्या वादात या मिश्रणाचा आधार दोन्ही पक्षांनी घेतला. स्टीफन्स यांच्यासमोरचा प्रश्न मात्र निराळा होता. ग्रंथाला शोभेल अशी प्रतिष्ठित भाषा आणि ऐकणाऱ्याला कळेल अशी घरची भाषा, या दोहोंचा मेळ त्यांना घालायचा होता. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या सर्वपरिचित आहेत. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी आणि वृक्ष यांतून घेतलेल्या त्या उपमांमध्ये शिकलेल्या भाषेविषयी पाहुण्याचे कौतुक आहे, त्याचबरोबर त्या भाषेच्या काव्यसंकेतांवर आपला हक्क सांगणाऱ्या कवीचा आत्मविश्वासही आहे.

लिपीचा प्रश्नही त्यांच्या विचारातून सुटला नव्हता. गोव्यात इ.स. १५५६ मध्ये मुद्रणयंत्र आले होते, परंतु देशी लिपीचे खिळे उपलब्ध नव्हते. इ.स. १६०८ मध्ये रोममधील संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी देशी लिपीत ग्रंथ छापण्याची इच्छा व्यक्त केली आणि त्यासाठी सुमारे सहाशे साचे लागतील ही अडचणही सांगितली. ती योजना सिद्धीस गेली नाही. आपली लिपी प्रजेवर लादण्याच्या हेतूने त्यांनी रोमन लिपी स्वीकारली, असा आरोप त्यामुळे टिकत नाही. इ.स. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले. त्यांची ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही धर्मतत्त्वविषयक पुस्तिका इ.स. १६२२ मध्ये आणि त्यांचे कोकणी व्याकरण, दियोगु रिबैरु प्रभृतींच्या संस्करणासह, इ.स. १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. हे व्याकरण नवागत धर्मगुरूंना भाषा शिकता यावी म्हणून रचलेले होते. भाषा शिकण्याची अपेक्षा करणाऱ्याने शिकण्याचे साधनही पुरविले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी कृतीने सिद्ध केले. त्यांच्या मार्गाने एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरचे मराठी पुराण रचले. त्याचे मुद्रण इ.स. १६२९ मध्ये सुरू झाले.

या कार्यामागे संस्थेचा आदेशही होता. इ.स. १६०६ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने स्थानिक भाषा न जाणणाऱ्या धर्मगुरूकडे धर्मग्रामाची जबाबदारी सोपवू नये, असे ठरविले. म्हणजे येणाऱ्याने भाषा शिकावी, हा नियम येणाऱ्यांनीच स्वतःवर घालून घेतला होता. अनेकांनी तो मनावर घेतला नाही. अखेरीस २७ जून १६८४ रोजी, संभाजीराजांच्या स्वारीतून नुकत्याच बचावलेल्या आल्व्होरच्या काउंटने, गोव्याचा व्हाइसरॉय या नात्याने, फर्मान काढले. प्रजेने तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज भाषा आत्मसात करावी आणि देशभाषेचा वापर सोडावा, असा त्याचा आशय होता. पुढे इ.स. १७४५ मध्ये आर्चबिशपांनी विवाहासाठीही पोर्तुगीजच्या ज्ञानाची अट घातली. पाहुण्यावरील जबाबदारी अशा रीतीने घरधन्यावर ढकलली गेली. भाषेची सक्ती करणाऱ्याचे युक्तिवाद दोन्ही वेळी सारखेच होते : एका भूमीत राहणाऱ्यांचा परस्परांशी संवाद व्हावा. त्या संवादाची किंमत कोणी मोजायची, एवढाच फरक होता.

स्टीफन्स यांचे उदाहरण स्थलांतरितांसाठी निर्दोष आदर्श म्हणून मांडणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांच्या भाषाप्रेमाला धर्मप्रसाराचे प्रयोजन होते आणि त्यांच्यामागे शस्त्रसत्ता उभी होती. भाषा शिकल्याने परका आपोआप न्यायी होत नाही. ज्या समाजाची भाषा त्याने घेतली, त्या समाजाच्या देवतांविषयीचा अनादर ‘क्रिस्तपुराणा’तही आढळतो. आजचा सामान्य स्थलांतरित बहुधा रिकाम्या हाताने, पोटापाण्यासाठी येतो. त्याच्याकडून तेथील भाषेची अपेक्षा करणारे राष्ट्र बलवान असते, तो दुर्बल असतो. साष्टीत स्थिती उलट होती. म्हणून दोन्ही प्रसंगांना एकच मोजपट्टी लावता येत नाही. तरीही या चरित्रातून एक निकष हाती लागतो. येणाऱ्याने भाषा शिकावी ही अपेक्षा रास्त आहे; पण तिच्या जोडीला व्याकरण, शिक्षक आणि अवधी देण्याची तयारी हवी, आणि त्याच्या घरच्या भाषेवर बंदी नको. १६०६ च्या नियमात पहिल्या अंगाचा विचार होता. १६८४ च्या फर्मानाने दुसरे अंग पायदळी तुडविले.

त्या फर्मानाने कोकणी मेली नाही. ‘क्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची मुद्रित प्रत मात्र आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, विशेषतः गोवा सोडून दक्षिण कानडा भागात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून. तुळू आणि कन्नड भाषकांच्या प्रदेशात स्थायिक झालेल्या या लोकांनी तेथील व्यवहार आपलासा केला आणि घरात हे पुराण गाण्याची प्रथाही राखली. त्या परंपरेतील प्रतींच्या आधारेच जोसेफ सालढाणा यांनी इ.स. १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली; इ.स. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाली. एका स्थलांतरिताने देशभाषेत रचलेला ग्रंथ त्याच देशातून स्थलांतरित झालेल्यांनी परमुलखात जपला, आणि मराठी वाङ्मयाला तो त्यांच्याकडून परत मिळाला.