एपवर्थची गृहिणी : सुसाना वेस्ली

मेथॉडिस्ट पंथाची प्रार्थनामंदिरे व शाळा बेळगाव, बडोदे, हैदराबाद इत्यादी शहरांत आमच्या पुष्कळ वाचकांच्या पाहण्यात असतील. या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली आणि त्याचा कवी बंधू चार्ल्स यांची नावे इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्यांच्या मातेचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. पतीच्या आज्ञेत राहणे हा ख्रिस्ती पत्नीचा धर्म होय असे मानणाऱ्या काळात ही स्त्री जन्मली. ती स्वतःही तसेच मानीत असे. तरीही आयुष्यातील दोन प्रसंगी तिने पतीच्या शब्दापुढे मान तुकविली नाही. ते कसे घडले हे सांगण्याचा आमचा येथे हेतू आहे.

सुसानाचा जन्म लंडन येथे २० जानेवारी १६६९ रोजी झाला. डॉ. सॅम्युएल अ‍ॅनस्ली यांचे ती पंचविसावे अपत्य. सरकारने ठरवून दिलेली उपासनापद्धती मनाला पटत नाही म्हणून १६६२ साली जे धर्मोपदेशक आपल्या जागांना मुकले, त्यांतील हे एक गृहस्थ होत. अशा बाणेदार पित्याच्या कन्येने वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही पक्षांचे म्हणणे तोलून पाहिले, आणि वडिलांनी ज्याचा त्याग केला होता त्याच राजमान्य पंथात जाण्याचे ठरविले! वडिलांचे प्रेम मात्र त्यामुळे आटले नाही.

१६८८ साली सॅम्युएल वेस्ली नावाच्या तरुणाशी तिचा विवाह झाला. तो पुढे धर्मोपदेशक बनला. आमच्या गोमंतकातील चर्चे रोमन पंथाची असल्यामुळे पाद्री अविवाहित असावयाचा, हीच आपली समजूत. इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट पंथात मात्र धर्मोपदेशकाला गृहस्थाश्रमाची मोकळीक आहे. हे जोडपे लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या सखल, दमट मुलखातील गावी राहावयास गेले. एकंदर एकोणीस मुले झाली. त्यांतील सात मुली व तीन मुलगे तेवढे मोठे झाले. पती विद्वान, कवी, सत्यवचनी, परंतु व्यवहारात अगदी कच्चा. १७०५ साली तो कर्जापायी लिंकनच्या तुरुंगात गेला, तेव्हा जवळ दुसरे काही नव्हते म्हणून सुसानाने आपल्या अंगठ्या त्याच्याकडे पाठविल्या. त्याने त्या परत केल्या. घरात कधी भाकरीची वाण पडली काय, असे यॉर्कच्या आर्चबिशपांनी विचारले असता तिने उत्तर दिले की, भाकरी नाही असे कधी झाले नाही. परंतु ती मिळविण्यात व तिचे पैसे फेडण्यात जीव इतका मेटाकुटीस येई की, खाताना तिची चव लागत नसे.

या घरातच तिने शाळा चालविली. मूल पाच वर्षांचे झाले की दुसऱ्याच दिवशी त्याला अक्षरे शिकवावयाची. रोज सहा तास अभ्यास. दोघींखेरीज सर्व मुलांनी एका दिवसात मुळाक्षरे आत्मसात केली. मुलींच्या बाबतीत तिचा एक नियम फार मोलाचा होता. मुलीला नीट वाचता येऊ लागेपर्यंत तिच्या हाती सुई द्यावयाची नाही. प्रत्येक मुलाशी एकांतात बोलण्यासाठी आठवड्यातील एक संध्याकाळ तिने राखून ठेवली होती, जॉनची गुरुवारची. मुलांचा हट्ट बालपणीच मोडून काढावा हे तिचे मत मात्र आम्हाला पटत नाही. वर्षभराच्या मुलानेही रडावयाचे ते हळू आवाजात, ही शिस्त कठोरच म्हटली पाहिजे.

पहिला प्रसंग १७०१-०२ च्या हिवाळ्यातील. इंग्लंडचा राजा जेम्स १६८८ साली पदच्युत झाला व विल्यम गादीवर आला. सुसानाच्या मते विल्यम हा खरा राजा नव्हे. एके दिवशी घरच्या प्रार्थनेत पतीने राजासाठी आशीर्वाद मागितला, तेव्हा तिने आमेन म्हटले नाही. पतीच्या ते ध्यानात आले. घरात दोन राजे असतील तर संसारही दोन होतील, असे बजावून तो लंडनला निघून गेला. आपण चुकलो असे पटले तर क्षमा मागण्यास ती तयार होती. परंतु न पटता शब्द उच्चारणे म्हणजे देवापुढे खोटे बोलणे होय, असे तिचे म्हणणे. मार्च १७०२ मध्ये विल्यम मरण पावला, दोघांनाही मान्य असलेली राणी अ‍ॅन गादीवर आली. तरी पतीचा हेका सुटेना. अखेर काही महिन्यांनी तो परतला. १७ जून १७०३ रोजी जॉनचा जन्म झाला. तो मुलगा पुढे ९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री घराला आग लागली असता, एका माणसाने दुसऱ्याच्या खांद्यावर उभे राहून खिडकीतून बाहेर काढला म्हणून वाचला.

दुसरा प्रसंग अधिक मोठा. १७११-१२ च्या हिवाळ्यात पती धर्मसभेसाठी लंडनला असताना रविवारी संध्याकाळी ती मुलांना व नोकरांना एखादे प्रवचन वाचून दाखवी. नोकराच्या आईबापांनी येण्याची परवानगी मागितली, मग शेजारीपाजारी येऊ लागले. त्याच सुमारास एमिलिया या कन्येला वडिलांच्या ग्रंथसंग्रहात एक वृत्तांत सापडला. तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे धर्मप्रसारार्थ आलेल्या दोन मिशनऱ्यांची ती हकीकत होती. आपल्या भूमीशी संबंधित असलेल्या त्या हकीकतीने एपवर्थच्या या स्त्रीचे मन कित्येक दिवस भारून टाकले. आपण पुरुष नसलो, उपदेशक नसलो, तरी काही अधिक करावे असे तिला वाटू लागले. जमाव वाढत वाढत दोनशेंच्या वर गेला. उभे राहावयास जागा न मिळून माणसे परत जात.

इनमन नावाच्या सहायक उपदेशकाला हे रुचले नाही. त्याच्या तक्रारीवरून पतीने लिहिले की, स्त्रीने असे करणे लोकांना विचित्र दिसते; वाचन दुसऱ्या कोणाकडून करवावे. स्त्रियांनी मंडळीत मौन धरावे व पत्नीने पतीच्या अधीन असावे, या पौलाच्या पत्रांतील वचनांचा त्या समाजावर केवढा पगडा होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. सुसानाने उत्तर धाडले की, मी स्त्री आहे हे खरेच, परंतु या मोठ्या कुटुंबाची गृहिणीही आहे. तुम्ही दूर असता येथील जिवांचा भार देवाने माझ्यावर टाकला आहे. राहिला वाचकाचा प्रश्न, तर येथे जमणाऱ्या पुरुषांत अडखळल्यावाचून प्रवचन वाचू शकेल असा एकही नाही! पतीचे मन तरीही द्विधा होते. तेव्हा फेब्रुवारी १७१२ मध्ये तिने पुन्हा लिहिले, त्याचा आशय असा: ही सभा बंद करावी अशी नुसती इच्छा कळवू नये, तेवढ्याने माझ्या मनाचे समाधान होणार नाही, स्पष्ट शब्दांत आज्ञा करावी, म्हणजे ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे आपण दोघे उभे राहू तेव्हा या संधीच्या नाशाचा दोष माझ्यावर येणार नाही.

यात बंड कोठेच नाही. आज्ञा झाली असती तर ती पाळणार होती. परंतु आज्ञा करणाराच तिच्या फळाचा धनी, हे तिने पतीच्या पदरात घातले. पतीने ती आज्ञा कधीच केली नाही. त्या दिवसांत जॉन आठ वर्षांचा होता.

असा विजय तिच्या मुलींच्या वाट्यास आला नाही, हे सांगणे प्राप्त आहे. हेटी ही कन्या तर असामान्य बुद्धीची. लहानपणीच ग्रीक वाचणारी व उत्तम कविता करणारी. प्रेमात तिची फसगत झाली आणि संतापलेल्या पित्याने १७२५ साली राइट नावाच्या नळकाम करणाऱ्या माणसाशी तिचे लग्न लावले. पित्याने तिला अखेरपर्यंत जवळ केले नाही. तिची बाजू घरात उघडपणे घेतली ती जॉनने.

१७३५ मध्ये पती निवर्तला. शेवटी सुसाना लंडनला जॉनजवळ राहू लागली. दीक्षा न घेतलेला टॉमस मॅक्सफील्ड हा तरुण तेथे उपदेश करू लागला, हे ऐकून जॉन त्याला थांबविण्यासाठी धावत आला. मातेने सांगितले की, तुझ्याइतकेच त्यालाही देवाने बोलाविले आहे. आधी त्याचे ऐक, मग ठरव. जॉनने ऐकले व आपला विचार बदलला. दीक्षा नसलेल्या उपदेशकांची परंपरा त्यानंतर वाढली, आणि १७७१ साली मेरी बोझॅन्केट या स्त्रीलाही विशेष ईश्वरी पाचारण मानून त्याने उपदेशाची मोकळीक दिली.

जुलै १७४२ मध्ये सुसानाने देह ठेवला. आपला प्राण जाताच मुलांनी स्तुतिगीत म्हणावे, अशी तिची इच्छा होती. ती त्यांनी पाळली. लंडनमधील बनहिल फील्ड्स या दफनभूमीत तिचे थडगे आहे. रॉबिन्सन क्रूसोचा लेखक डॅनियल डीफो, ज्याचे कुटुंब डॉ. अ‍ॅनस्लींच्या मंडळीत उपासनेस जात असे, त्याचेही थडगे तेथेच आहे.