सेनापती बापट

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 1880 साली पारनेर येथे झाला. विलायतेस जाऊन ते अभियांत्रिकी शिकले. पुढे सह्याद्रीच्या माथ्यावर, मुळशीस, टाटा कंपनी धरण बांधू लागली. उंचावर अडविलेल्या पाण्यात स्थितिज ऊर्जा साठते. तेच पाणी मोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली, रोह्याकडे वाहणाऱ्या कुंडलिकेच्या खोऱ्यात, भिरा येथे कोसळले म्हणजे तिची गतिज ऊर्जा होते व वीजयंत्रे फिरतात. योजना नामी खरी. पण तिच्यापायी मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे बुडणार होती. त्यांच्यासाठी बापट 1921 साली सत्याग्रहात उतरले. लोकांनी त्यांना सेनापती म्हटले. सरकारने पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकले. 1927 साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. बापट 1931 साली सुटले, तेव्हा खाचरांवर पाणी चढले होते.